बेकरीच्या वरची खोली

बाबा त्या खोलीत बसलेले असायचे, आणि तरीही सगळे जण दहाव्या माणसाची वाट पाहत असायचे. माझ्या लहानपणातलं दुसरं काही मला इतकं लख्ख आठवत नाही. गावातल्या जुन्या बेकरीच्या वर, लाकडी जिना चढून गेलं की एक लांबट खोली होती. कधीकाळी तिथे पिठाची पोती ठेवत, त्यामुळे भिंतींना कितीही रंग दिला तरी दमट हवेत पिठाचा आंबूस वास सुटायचा. पूर्वेच्या भिंतीशी एक साधं कपाट, त्यात तोराहची, आमच्या धर्मग्रंथाची, एक गुंडाळी. समोर कुठल्याशा शाळेने काढून टाकलेली बाकं. आणि मागे, तपकिरी पडद्याआड, बायकांसाठी थोड्या खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीवर आई आणि तिला चिकटून मी. पडद्याच्या कडेला फट होती. तिच्यातून मला बाबांची पाठ दिसायची, आणि मानेवर नीट कापलेले काळेभोर केस. बाकी सगळी डोकी पांढरी किंवा टकली.

आमच्या धर्मात काही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाहीत. गेलेल्या माणसासाठी त्याचा मुलगा म्हणतो ते कद्दीशही नाही. त्यासाठी दहा ज्यू पुरुष एकत्र असावे लागतात. जर्मनीतल्या त्या गावात नऊ होते. दहावा म्हणून डार्मश्टाटच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी जमेल तेव्हा गाडीने यायचा. तो आला नाही की मंडळी पुस्तकं उघडी ठेवून बसायची, जिन्यावर पाऊल वाजतंय का ते ऐकायची, आणि शेवटी एकेकट्याने चालतात तेवढ्या प्रार्थना उरकून घरी जायची. मागच्या बाकावरचे माझे बाबा, सॅम्युएल चेऊलकर, त्यांच्या मोजणीत नव्हते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज चौलच्या बाजूला तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी, जेवणात नारळ, आणि दाराच्या चौकटीवर वचनाची छोटी डबी, जिला येता-जाता बोट लावून ते ओठांना लावायचं. बाबा रसायनशास्त्र शिकलेले. मुंबईतल्या औषधाच्या कंपनीतून ते डार्मश्टाटला नोकरीवर आले आणि घर मिळालं ते या गावात, डोंगराच्या पायथ्याशी, द्राक्षमळ्यांच्या खाली. गावातल्या लोकांच्या लेखी आम्ही ‘इंडर’ होतो, भारतीय. शेजारच्या बाई आईला विचारायच्या, तुम्ही गाय खात नाही ना? आई म्हणायची, खातो, डुक्कर खात नाही. मग त्या गोंधळून जायच्या आणि हवेबद्दल बोलायला लागायच्या. ज्यू म्हटलं की गावातल्या लोकांचे चेहरे बंद व्हायचे. म्हणून आई तो शब्द काढायचीच नाही.

शुक्रवारी आमच्या घराला मुंबईतल्या घराचा वास यायचा. निदान आई तसा प्रयत्न करायची. बाजारात नदीचा मासा मिळायचा, त्याला समुद्राची चव नाही म्हणून ती दर आठवड्याला नव्याने हळहळायची. ओला नारळ कुठला? केकसाठी सुक्या खोबऱ्याचा कीस मिळायचा, तो ती गरम पाण्यात भिजवून, फडक्यात पिळून त्याचं दूध काढायची आणि कालवणात घालायची. कालवण पातळ व्हायचं. बाबा मुकाट्याने दोनदा वाढून घ्यायचे. द्राक्षमळ्यांच्या गावात राहूनही आमच्या घरी वाइन नव्हती. शाब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सांजेला सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवसाच्या, आशीर्वादासाठी आई रात्रभर भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत करायची, तिच्या आईने केलं तसं. आणि कुणाचा नवस फेडायचा असेल, कुणी आजारातून उठलं असेल, तर एलियाहू हन्नाबीच्या, प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा. त्याला पोहे लागतात. पोहे नव्हतेच. आईने बरेच दिवस दुकानातल्या फळ्या न्याहाळल्या आणि शेवटी ओट्सचं पाकीट उचललं, हाफरफ्लोकन. धुऊन, निथळून, त्यात साखर, खोबरं, वेलची. बाबा पहिला घास खाऊन म्हणाले, “हन्नाबी समजून घेईल.”

आज फ्रँकफर्टमध्ये माझ्या घरापासून दोन स्टेशनांवरच्या दुकानात जाडे पोहे, पातळ पोहे, खवलेला नारळ, सगळं मिळतं. पुण्या-मुंबईकडून आलेल्या संगणकवाल्या मुली तिथे मराठीत भांडत भाजी निवडत असतात आणि मी उगाच त्यांच्या मागे उभी राहते. तरी मलिद्यात मी मूठभर ओट्स घालते. नातू विचारतो, जर्मनमध्येच, की ओमा, म्हणजे आजी, हे खरं आहे का खोटं? मी म्हणते, जर्मनीतलं आहे. तो म्हणतो, गेनाऊ, अगदी बरोबर, आणि वाटी पुढे करतो.

तर त्या खोलीबद्दल. गावात ज्यू आहेत हे बाबांना बेकरीतच कळलं. शुक्रवारी तिथे वेणी घातलेला, वर खसखस पेरलेला एक पाव मिळायचा. गावातले सगळेच लोक तो घ्यायचे, नाव विचारलं तर बेर्खेस म्हणायचे, आणि तो मुळात कुणाचा पाव हे बहुतेकांना आठवत नव्हतं किंवा आठवायचं नव्हतं. बाबांनी तो पाव पाहिला आणि बेकरीवाल्या बाईंना विचारलं, “हा शाब्बाथचा पाव ना?” बाईंनी इकडे-तिकडे पाहिलं आणि बोट वर, छताकडे केलं.

वर दोन माणसं महत्त्वाची होती. एक हेर आडलर, म्हणजे आडलरसाहेब, टोप्यांच्या दुकानाचे मालक. त्या सगळ्यांत याच गावात जन्मलेले ते एकटे. तरुणपणी जीव वाचवून ब्राझीलला गेलेले आणि युद्धानंतर परत आलेले. का आलात, असं विचारलं की म्हणायचे, “मला दुसऱ्या कुठल्या भाषेत टोप्या विकता येत नाहीत.” बाकीचे पोलंडकडचे. नाझींच्या छावण्यांतून सुटल्यावर इथे येऊन पडलेले, पुढे अमेरिकेला नाहीतर इस्राएलला जायचं म्हणत म्हणत इथेच म्हातारे झालेले. त्यांच्यातले हेर झिल्बरमान हे दुसरे. त्यांचं चामड्याच्या पिशव्यांचं आणि बॅगांचं दुकान होतं. प्रार्थना तेच चालवायचे. उंच, हाडकुळे, एकटे. त्यांना आधी बायको होती, मुली होत्या, हे मला आडलरबाईंकडून पुष्कळ उशिरा कळलं.

पहिल्या शुक्रवारी आडलरनी बाबांचे दोन्ही हात धरले. “दहावा,” ते म्हणाले, “देवाने दहावा पाठवला. आणि कुठून, तर भारतातून.” झिल्बरमान मात्र बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. भारतात ज्यू असतात हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “तुमच्या रब्बींचं, धर्मगुरूंचं काही पत्र आहे?”

बाबा हसून म्हणाले, “आमच्याकडे रब्बी कधी नव्हतेच. हज्जान असतात, प्रार्थना सांगणारे. आणि कोण ज्यू आहे ते पत्रावरून ठरवायची वेळ आमच्यावर आली नाही. आम्हाला त्यासाठी कधी कुणी मारलंही नाही.”

ते शेवटचं वाक्य बाबांनी सहज, आपल्या देशाच्या कौतुकाने म्हटलं होतं. ते बोलायला नको होतं, असं ते पुढे जन्मभर म्हणत राहिले. झिल्बरमाननी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, “आल्झो, बरं तर, बसा. बसायला कुणाची हरकत नाही. पण मी तुम्हाला मोजू शकत नाही.”

आमच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत, ते अशुभ मानतात. दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणत एकेका माणसाकडे बघायचं, एका माणसाला एक शब्द. शेवटचा शब्द ‘हाओलाम’, म्हणजे सदासर्वकाळ. झिल्बरमान वचन म्हणत बाकांवरून नजर फिरवायचे. बाबांपाशी आली की ती नजर त्यांच्यावरून पलीकडे जायची, खिडकीवरून जावी तशी. मी फटीतून बघत असायची आणि मनात शब्द म्हणत असायची. विद्यार्थी आलेला नसला की झिल्बरमान नवव्या शब्दाला थांबायचे. आडलर दर वेळी घसा खाकरायचे. तेवढंच. भांडण करून ती खोली फुटू द्यायची त्यांची तयारी नव्हती.

बाबा तरीही जात राहिले. “मी देवाकडे जातो, झिल्बरमानकडे नाही,” असं म्हणायचे. आई कुरकुरायची, पण दर शुक्रवारी साडी नेसून, वर लोकरीचा कोट चढवून बरोबर यायची. आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट अशी, की मला हिब्रू अक्षरं शिकवली ती झिल्बरमाननीच. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवून विचारलं, “वाचता येतं का?” मी नाही म्हटलं. “रविवारी दुकानात ये. अक्षरं शिकायला कुणाला मोजावं लागत नाही.” त्यांच्या दुकानात चामड्याचा आणि मेणाचा वास असायचा. काउंटरवर ते मोठं पुस्तक उघडायचे आणि टोचणीच्या टोकाने अक्षरं दाखवायचे. मी चुकले की रागवायचे नाहीत, डोळे मिटून घ्यायचे आणि मी परत वाचेपर्यंत तसेच राहायचे. बरोबर वाचलं की खिशातून साखरेची वडी. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या घरी एलियाहूसाठी काय करतात? मी मलिद्याबद्दल सांगितलं. ताटात आधी झाडाची फळं ठेवतात, मग जमिनीवरची, आणि प्रत्येकाचा आशीर्वाद वेगळा, तो बाबा म्हणतात. “म्हणून दाखव,” ते म्हणाले. मी म्हणून दाखवला. चाल आमची, कोकणातली. त्यांनी टोचणी पुस्तकावर ठेवली. मग म्हणाले, “शब्द बरोबर आहेत.” मला वाटलं, आता पुढच्या शुक्रवारी ते बाबांना मोजतील. नाही मोजलं.

आडलर हिवाळ्यात गेले. दुकानाच्या काचेत टोप्या मांडता मांडता खाली बसले आणि उठले नाहीत. दफनाला डार्मश्टाटहून बरीच माणसं आली, त्यामुळे तिथे कुणाला मोजायचा प्रश्न आला नाही. त्यांचा मुलगा ब्राझीलहून धावत आला होता. आमच्यात दफनानंतर आठवडाभर घरचे लोक घराबाहेर पडत नाहीत, बुटक्या स्टुलांवर बसतात, आरसे झाकून ठेवतात, आणि संध्याकाळी दहा जण त्यांच्याच घरी जमतात म्हणजे मुलाला कद्दीश म्हणता येतं. एका संध्याकाळी बर्फ इतकं पडलं की गाड्या बंद झाल्या. विद्यार्थी येणार नाही हे उघड होतं. आडलर गेल्यामुळे गावातले आठ उरले होते, मुलगा नववा. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाबा.

आई आणि मी स्वयंपाकघरात आडलरबाईंजवळ होतो. मधलं दार उघडं होतं. झिल्बरमान उभे राहिले आणि वचन म्हणायला लागले. मी आईचा हात धरला. नववा शब्द झाला. ते थांबले.

मुलाने बाबांकडे बोट केलं. “आणि हे?”

मग आडलरबाई स्टुलावरून न उठताच म्हणाल्या, “हेर झिल्बरमान, माझा नवरा त्यांना मोजायचा. दर शुक्रवारी घरी येऊन मला सांगायचा, आज आम्ही दहा होतो.”

झिल्बरमानांचा चेहरा मला दिसत होता. त्यांना आनंद होत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मग म्हणाले, “मला माफ करा. मला नाही जमत.”

मुलाने पुस्तक मिटलं. त्याने ते इतकं हळू मिटलं की आवाजही झाला नाही. बाबा उठले, आडलरबाईंपाशी आले, वाकून काहीतरी म्हणाले आणि आमचे कोट घेऊन आले.

घरी बूट काढता काढता आईचा बांध फुटला. “त्या बाईला नवऱ्याच्या नावाने चार शब्द ऐकायला मिळाले नाहीत. आणि तुम्ही समोर बसला होतात. फर्निचर असल्यासारखे.”

“त्यांचा नियम आहे,” बाबा म्हणाले.

“आणि आपण कोण आहोत मग? तुमच्या आजोबांनी मशिदीत तीस वर्षं हज्जानकी केली.” मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग, जुन्या पिढीचा शब्द. “मला या गावात राहायचं नाही, अहो. फ्रँकफर्टला चला. तिथे शेकड्याने ज्यू आहेत. तिथे कुणी असं बघायचं नाही.”

बाबांनी त्या दिवसापासून खोलीत जाणं सोडलं. माझं रविवारचं शिकणंही आईने बंद केलं. मी दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायची, आणि तरी काचेतून दिसायचं, झिल्बरमान काउंटरशी उभे आहेत आणि पुस्तक उघडं आहे. शुक्रवारी आम्ही घरीच मेणबत्त्या लावायचो. बाबा मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचे, आवाज खाली ठेवून, जणू कुणी ऐकेल. दरम्यान फ्रँकफर्टला बाबांना दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, घर ठरलं, शाळेचं वर्ष संपलं की निघायचं हेही ठरलं. आणि बेकरीच्या वर प्रार्थना होतच नव्हती. विद्यार्थी आला तरी आता ते नऊच भरत होते. आईला त्यात समाधान वाटायचं. तिने ते लपवलंही नाही.

झिल्बरमान आमच्या घरी आले ती वसंतातली एक रविवार सकाळ होती. आधी कधी आले नव्हते. दारात थांबून त्यांनी चौकटीवरच्या डबीला बोट लावलं आणि ते ओठांना लावलं. आईने त्यांना बसायला सांगितलं, पण चहा टाकला नाही. ते टोपी मांडीवर ठेवून बसले.

आईच बोलली. “तुम्हाला दहावा हवाय म्हणून आलात.”

“हवा आहे,” ते म्हणाले. “खरं आहे. पण गरज पडली म्हणून मी नियम मोडत नाही, फ्राउ चेऊलकर. ते तुम्ही पाहिलंय.”

आई ओट्याला टेकून उभी राहिली. मग झिल्बरमान बाबांकडे वळून सांगू लागले. सावकाश, मध्येमध्ये थांबत. छावणीत त्यांच्या शेजारच्या फळीवर एक माणूस होता, ग्रीसमधल्या सालोनिकीचा. त्याला यिद्दिश, पोलंडकडच्या ज्यूंची भाषा, येत नव्हती. कसलीतरी स्पॅनिशसारखी भाषा बोलायचा. पोलंडची माणसं म्हणायची, यिद्दिश येत नाही तो कसला ज्यू. तो रात्री शेमा, ज्यूंची रोजची प्रार्थना, म्हणायचा, पण चाल वेगळी, उच्चार वेगळे. एकदा त्याने झिल्बरमानना खुणेने विनवलं, माझ्याबरोबर म्हण. वडिलांच्या पुण्यतिथीचा दिवस असावा. “मी पाठ फिरवली,” ते म्हणाले. “मला वाटलं, हा आमच्यातला नाही. त्याला मारताना त्यांनी विचारलं नाही की तुला यिद्दिश येतं का.” थोडं थांबून म्हणाले, “तुमच्या मुलीने मला आशीर्वाद म्हणून दाखवला, त्या दिवशी मला त्याचा आवाज आठवला. तेव्हाच यायला हवं होतं. शुक्रवारी या, हेर चेऊलकर. मी मोजेन.”

बाबांनी खूप वेळ टेबलावरची चादर सारखी केली. “येतो,” म्हणाले. आईने चहा टाकला.

त्या शुक्रवारी विद्यार्थी आला होता. आडलरबाईही आल्या, पडद्याआड माझ्या शेजारी बसल्या. झिल्बरमान वचन म्हणत एकेकाकडे बघत गेले, मागच्या बाकापाशी थांबले, आणि बाबांकडे बघून शेवटचा शब्द म्हणाले. हाओलाम. बाबांची मान खाली होती. मागून त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. मग झिल्बरमाननी स्वतः आडलरसाठी कद्दीश म्हटलं आणि सगळ्यांनी मध्येमध्ये आमेन म्हटलं, बाबांनीही. आडलरबाई शेवटपर्यंत ताठ बसल्या होत्या. संपल्यावर त्या आईला फक्त इतकंच म्हणाल्या, “माझा मुलगा इथे नाही.”

त्यानंतरचे शुक्रवार मी विसरणार नाही. जिन्यावर विद्यार्थ्याचं पाऊल वाजलं की दहा भरायचे. बाबांना त्यांच्या चालीत एक स्तोत्र म्हणायला लावलं, ते म्हाताऱ्यांनी माना डोलवत ऐकलं. आईने मलिदा केला आणि वर नेला. झिल्बरमाननी ओट्स हातात घेऊन विचारलं, “हे गव्हाचं की जवाचं? आशीर्वाद कुठला?” बाबा आणि ते दोघं त्यावर असे वाद घालत बसले, की बेकरीवाल्या बाई खालून बघायला आल्या. मी पुन्हा रविवारी दुकानात जायला लागले. आणि घरात सामान खोक्यांत भरलं जात होतं.

एकदा बाबांनी आईला विचारलं. मी शेजारच्या खोलीत गृहपाठ करत होते. “राहूया का? मी कंपनीला नाही म्हणून कळवतो.”

आई म्हणाली, “नाही.”

“आपण गेलो की ते परत नऊ.”

“तुम्ही समोर असताना ते नऊच होते ना. चालत होतं त्यांना.” मग जरा वेळाने, मऊ आवाजात, “मिर्यमला तिथे चांगली शाळा आहे. तिच्या वयाच्या आपल्या मुली आहेत. इथे म्हाताऱ्यांत किती दिवस ठेवणार तिला?”

तिचं चुकत नव्हतं. खरंच इथे माझ्या वयाचं कुणी नव्हतं. म्हणून बाबा पुढे काही बोलले नाहीत, आणि मला अजून ठरवता येत नाही की त्या दोघांतलं कोण बरोबर होतं.

निघायच्या दिवशी झिल्बरमान सामान चढवायला आले. सत्तरीच्या माणसाने खोकी उचलू नयेत म्हणून बाबा त्यांना अडवत होते आणि ते ऐकत नव्हते. राहा, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. टेम्पोचं दार लागल्यावर बाबांशी हात मिळवून म्हणाले, “फ्रँकफर्टला तुम्ही कधीच दहावे नसाल. तिथे उशिरा गेलात तरी चालेल. सुखाची गोष्ट आहे.” माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. आईला त्यांनी वाकून नमस्कार केला, जुन्या पद्धतीने.

पुढच्या हिवाळ्यात ती खोली बंद झाली. आडलरबाई मुलाकडे ब्राझीलला गेल्या. दोघे वारले, एक जण वृद्धाश्रमात गेला. तोराहची गुंडाळी कुठल्या मोठ्या सिनेगॉगला दिली म्हणतात. आता त्या गावात दर वर्षी एक कार्यक्रम होतो. फुटपाथवर नावं कोरलेले पितळी दगड आहेत, नोव्हेंबरात तिथे मेणबत्त्या लावतात, शाळेची मुलं नावं वाचतात. मनापासून करतात, मी एकदा पाहून आले. पण ती सगळी नावं मारल्या गेलेल्यांची आहेत. त्यानंतर बेकरीच्या वर बसणाऱ्या त्या माणसांबद्दल मी एका तरुण शिक्षिकेला सांगायला लागले, तर ती म्हणाली, “पण तेव्हा तर इथे कुणी उरलंच नव्हतं ना?” बेकरीच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे.

झिल्बरमान गेले ते आम्हाला वेळेवर कळलंही नाही. कळवणार कोण? फ्रँकफर्टच्या सिनेगॉगमध्ये बाबांना तो डार्मश्टाटचा विद्यार्थी भेटला, आता पोट सुटलेला, लेकुरवाळा. त्याने सांगितलं, ते गेले, उन्हाळ्यातच. तोवर दिवाळीचे दिवस आले होते, म्हणजे इथला पानगळीचा काळ. बाबा त्या रविवारी आम्हा दोघींना गाडीत घालून निघाले.

ज्यूंची दफनभूमी गावाबाहेर, रानाच्या कडेला. किल्ली जवळच्या शेतावर ठेवलेली असायची. शेतकरी स्वतः उघडायला आला. बाबांनी त्याला विचारलं, “दफनाला कोण कोण होतं?”

“वृद्धाश्रमातले दोन म्हातारे,” तो म्हणाला. “आणि शववाहिनीचा ड्रायव्हर. मीही उभा राहिलो टोपी काढून. नंतर कळलं, टोपी काढायची नसते.”

जुने, कलंडलेले, शेवाळलेले दगड ओलांडून आम्ही शेवटच्या रांगेत गेलो. नवी माती, लाकडी पाटी, तिच्यावर नाव. आईने पाटीवर चिकटलेली ओली पानं काढली. बाबांनी खिशातून प्रार्थनेचं पुस्तक काढलं, उघडलं आणि तसंच धरून राहिले.

“म्हणा ना,” आई म्हणाली. “त्यांच्यासाठी कुणीच म्हटलं नसेल. दोन म्हाताऱ्यांत कसलं कद्दीश?”

“दहा लागतात.”

“अहो, इथे कोण बघतंय?”

बाबा पाटीकडे बघत म्हणाले, “ते असते तर म्हणू दिलं नसतं.”

बाबांनी मग एक स्तोत्र म्हटलं, मराठीतून. ते एकट्याने म्हटलेलं चालतं. आम्ही तिघांनी आमच्या रीतीप्रमाणे पाटीपाशी एकेक खडा ठेवला. शेतकरी फाटकाशी थांबला होता, या वेळी टोपी घालून.

गाडीपाशी आल्यावर आईने दाराला हात लावला, पण ते उघडलं नाही. “आपण राहिलो असतो,” ती म्हणाली, “तर निदान त्या दिवशी तुम्ही…” आणि पुढे बोलेना. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते पहिल्यांदा आलं होतं, आणि मरेपर्यंत ती ते वाक्य अनेकदा सुरू करून असंच अर्धं सोडत राहिली.

बाबांनी वळसा घालून येऊन तिच्यासाठी दार उघडलं. “बस,” ते म्हणाले. “गार वारा सुटलाय. बस आत.”